ट्रोल्चचा आरसा अजून कपाळावर बांधावा का? हेड मिररची परखड पारख

आधी निकाल सांगून टाकतो. कान-नाक-घसा तपासायला शिकायचं असेल, तर हेड मिरर, म्हणजे कपाळावर बांधायचा भोकाचा आरसा, घ्यावा. शिकून झालं असेल आणि हाताशी चांगला एलईडी हेडलाइट असेल, तर घेतला नाही म्हणून काही अडत नाही. मात्र घ्यायचाच तर चकाकी बघून घेऊ नये. या वस्तूतला आरसा हा सगळ्यात कमी कुरकुर करणारा भाग. दगा देतात ते त्याचे सांधे, कपाळाचा पट्टा आणि ज्याच्या उजेडावर हे सगळं चालायचं तो दिवा. हेड मिरर वाईट म्हणून कपाटात टाकून देणाऱ्या बहुतेकांचा दिवाच चुकीच्या जागी असतो.

वस्तू दिसायला अगदी साधी. 89 मिलिमीटर व्यासाचा अंतर्गोल आरसा, मध्ये 19 मिलिमीटरचं भोक, नाभीय अंतर (लांबून आलेला उजेड जिथे एकवटतो ते अंतर) साधारण 25 सेंटिमीटर. मागे दोन गोळ्यांचा सांधा आणि तो पेलणारा कपाळपट्टा. रुग्णाच्या मागून येणारा दिव्याचा उजेड आरशावर पडतो, तिथून एकवटून रुग्णाच्या कानात किंवा घशात जातो आणि तपासणारा त्याच भोकातून पाहतो. म्हणजे उजेड ज्या रेषेतून आत जातो, नजरही त्याच रेषेतून जाते. सगळी करामत एवढीच, आणि हेडलाइटला अजून नेमकी हीच गोष्ट पूर्ण जमलेली नाही.

भोकाची कल्पना कानवाल्यांची नाही, डोळेवाल्यांची. हेल्महोल्ट्झ यांनी 1851 मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचं यंत्र जगापुढे आणलं आणि पुढच्याच वर्षी ग्योटिंगेनच्या रुएटे यांनी त्यासाठी मध्ये भोक असलेला अंतर्गोल आरसा वापरला. आंटोन फोन ट्रोल्च तेव्हा विशीत होते. न्युरेंबर्गजवळच्या श्वाबाख गावी 1829 मध्ये जन्मलेला हा माणूस बर्लिनमध्ये आल्ब्रेख्त फोन ग्रेफे यांच्याकडे डोळ्यांचं काम शिकला, मग डब्लिनला विल्यम वाइल्ड आणि लंडनला टॉयन्बी यांच्याकडे कानाचं काम पाहायला गेला. डोळ्यांकडून कानाकडे आल्यामुळेच कानवाल्यांची अडचण त्यांच्या लगेच लक्षात आली असावी. त्या काळी कान पाहायचा तो खिडकीतून येणाऱ्या थेट उन्हात. तपासणारा पुढे वाकला की त्याचंच डोकं ऊन अडवायचं, आणि आभाळ आलं की तपासणी बंद. ट्रोल्च यांनी 1855 मध्ये पॅरिसमधल्या जर्मन डॉक्टरांच्या मंडळापुढे भोकाचा आरसा कानासाठी वापरून दाखवला. आता थेट उन्हाची गरज उरली नाही, ढगाळ दिवसाचा पसरट उजेडही चालू लागला, आणि डोकं उजेडाच्या आड येण्याचा प्रश्नच मिटला.

इथे श्रेयाची थोडी विभागणी करायला हवी. वेस्टफालियातल्या बुर्गश्टाइनफुर्टचे डॉक्टर फ्रीडरिश होफमान यांनी 1841 मध्येच कानासाठी असा आरसा सुचवला होता. पण ती सूचना कुणी फारशी मनावर घेतली नाही. ट्रोल्च यांचं मोठेपण शोधापेक्षा तो रुजवण्यात आहे. व्युर्त्सबुर्गला कानाचा व्यवसाय आणि अध्यापन, 1862 मध्ये कानाच्या रोगांवरचं पाठ्यपुस्तक, पुढे त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या, आणि 1864 मध्ये व्हिएन्नाचे पोलिट्झर व हालेचे श्वार्त्से यांच्यासह केवळ कर्णचिकित्सेला वाहिलेलं पहिलं नियतकालिक 'आर्खिव्ह फ्यूर ओरेनहाइलकुंडे'. त्या नियतकालिकातले लेखक एकमेकांशी वाद घालू शकले, कारण सगळे एकाच पद्धतीने तोच कानाचा पडदा पाहत होते. कानाच्या पडद्याच्या वरच्या भागात आतल्या बाजूला जे दोन छोटे कप्पे असतात, त्यांना आजही ट्रोल्चचेच कप्पे म्हणतात. श्वार्त्से यांनी 1873 मध्ये कानामागचं हाड कधी आणि कसं उघडावं याची शिस्त बसवली, तीही पडद्याचं भोक, पू आणि सूज आधी नीट दिसू लागल्यानंतरच.

एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. ट्रोल्च यांचा आरसा मुळात हातात धरायचा होता. कपाळावर तो नंतर चढला. मधल्या काळात घसा पाहणाऱ्या चेर्माक यांनी आरशाची दांडी दातांत धरून पाहिली, तर व्हिएन्नाच्या झेमेलेडर यांनी तो चष्म्याच्या चौकटीवर बसवला. सगळ्यांची धडपड एकाच गोष्टीसाठी होती: दोन्ही हात मोकळे हवेत. एका हातात स्पेक्युलम (कान किंवा नाक उघडं धरायचं साधन) किंवा जीभ दाबायची पट्टी, दुसऱ्यात सक्शनची नळी, चिमटा किंवा घशाचा आरसा. कान पाहायचा हातातला ऑटोस्कोप पडदा मोठा करून दाखवतो खरा, पण एक हात अडकवून ठेवतो. मळ काढताना तो अडकलेला हात फार जाणवतो.

आता दिवा. पन्नास टक्के तक्रारींचं मूळ इथे आहे असं म्हटलं तर कुणी भांडायला येणार नाही. दिवा रुग्णाच्या डाव्या खांद्यामागे, कानाच्या उंचीला, जरासा मागे. आरसा तपासणाऱ्याच्या उजव्या डोळ्यावर. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. न सांगितलं जाणारं असं की, साध्या उघड्या बल्बचा उजेड 25 सेंटिमीटरवर एकवटतच नाही. नाभीय अंतर 25 असेल आणि बल्ब आरशापासून 60 सेंटिमीटरवर ठेवला, तर ठिपका फोकसमध्ये येतो 43 सेंटिमीटरवर. एवढ्या लांबून पडद्यावरचा बारकावा काय दिसणार? मग माणूस पुढे सरकतो, ठिपका पसरट होतो आणि दोष आरशाला मिळतो. तोच बल्ब 1 मीटरवर नेला, तर फोकस 33 सेंटिमीटरवर येतो. हे अंतर कामाचं. दिवा लांब नेल्यावर उजेड कमी होईल ही भीती इथे उलटी ठरते: फोकसमधला ठिपका लहान होतो आणि आधीपेक्षा उजळ पडतो, कारण तोच आरसा आता जवळून उजेड ओततो. भिंग बसवलेला बुल्स आय लॅम्प असेल तर किरण जवळजवळ समांतर येतात, आणि तेव्हा मात्र फोकस खरोखरच 25 च्या आसपास मिळतो. म्हणून आरसा विकत घेताना दिवा कोणता वापरणार हे आधी ठरवावं. भिंगाचा दिवा असेल तर 25 चं नाभीय अंतर उत्तम. उघडा बल्ब असेल तर 20 चं जास्त सोयीचं, कारण बल्ब 60 वर असला तरी फोकस 30 वर येतो.

बल्बही बघून घ्यावा. पारदर्शक काचेच्या जुन्या बल्बमध्ये तारेची प्रतिमाच रुग्णाच्या गालावर उमटते, उजेडात काळ्या रेघा दिसतात. दुधी काचेचा बल्ब बरा. एलईडी बल्ब घेतला तर रंग नीट दाखवणारा, म्हणजे सीआरआय 90 किंवा त्यावरचा घ्यावा. स्वस्त एलईडीत लाल रंग मरतो, आणि कानाच्या पडद्यावर नेमकं तेच पाहायचं असतं: मोत्यासारखा राखाडी आहे की लाली चढलीय. पिवळ्या बल्बखाली उलटा घोटाळा होतो, निरोगी पडदाही जरा पिवळट-लालसर भासतो. सवय एका उजेडाची लावावी आणि तोच कायम ठेवावा.

दुकानात किंवा पार्सल उघडल्यावर तपासायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या टाळू नयेत. नाभीय अंतर मोजायला कुठलंही उपकरण लागत नाही. खोलीच्या टोकाला, 5 मीटरवरच्या खिडकीकडे आरसा धरावा आणि समोर पांढरा कागद पुढे-मागे सरकवावा. खिडकीचे गज ज्या अंतरावर स्वच्छ उमटतात ते अंतर मोजावं. 25 च्या आरशाला ते 26 च्या थोडं वर येईल, कारण खिडकी अनंतावर नाही. 30 च्या पुढे गेलं तर परत करावा. त्याच प्रतिमेत गज वाकडे किंवा दुहेरी दिसत असतील तर काच नीट घासलेली नाही. पाठीमागून मुलामा चढवलेल्या काचेत थोडी दुहेरी छाया येतेच, ती कडेपुरती चालते, मध्यभागी चालत नाही.

भोक आरपार असावं, कड गुळगुळीत आणि काळी केलेली असावी. कड चकाकत असेल तर दिव्याचा उजेड तिथून सरळ डोळ्यात शिरतो आणि अर्ध्या तासात डोळा दमतो. खराबीही तिथूनच सुरू होते. घाम आणि पुसायचं स्पिरिट कडेतून आत मुरतं, मुलाम्याचा थर काळवंडतो आणि भोकाभोवती काळं कडं वाढत जातं. नेमका मधला, सगळ्यात उपयोगी उजेड त्याने खाल्ला जातो.

आकार मोठा तेवढा चांगला, हा गैरसमज विक्रेते आनंदाने पोसतात. 89 मिलिमीटर हा आकडा उगाच आलेला नाही. दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण 6 ते 6.5 सेंटिमीटर. आरसा उजव्या डोळ्यापुढे मधोमध असला की त्याची डावी कड साडेचार सेंटिमीटरवर संपते, आणि डाव्या डोळ्याला तिच्या बाहेरून रुग्णाकडे पाहायला जेमतेम बोटभर फट मिळते. 11 सेंटिमीटरचा आरसा घेतला तर ती फट बंद. मग दोन डोळे असून काम एका डोळ्याने. जास्त उजेडाच्या मोहात खोलीचा अंदाज गमवायचा, हा सौदा वाईट.

सांधा हा खरा परीक्षेचा भाग. दोन गोळ्या, त्यांना धरणाऱ्या दोन पट्ट्या आणि मधला स्क्रू. आरसा हव्या त्या कोनात लावून डोकं खाली-वर, डावी-उजवीकडे जोरात हलवावं. आरसा किंचितही घसरला तर स्क्रू आवळावा. आवळूनही घसरत असेल तर गोळ्या नीट गोल नाहीत किंवा पट्ट्यांची खाच उथळ आहे, आणि ते पुढे सुधारणार नाही. उलट इतका घट्टही नको की आरसा फिरवताना पट्टाच कपाळावरून सरकेल. वापरता वापरता सांधा सैल पडला तर तेल अजिबात घालू नये. कुरकुरतोय म्हणून तेल घातलं आणि मग आरसा दर दोन मिनिटांनी नाकावर झुकू लागला, ही तक्रार नेहमीची. गोळ्या काढून स्पिरिटने कोरड्या पुसाव्यात, स्क्रूखाली झिजलेली चकती असेल तर ती बदलावी. पितळेच्या गोळ्या प्लास्टिकपेक्षा कितीतरी जास्त टिकतात.

पट्ट्याबद्दल फार बोलायला नको. मागे चाकाने घट्ट होणारा, कपाळाकडे रुंद आणि आतला फोम काढून धुता येणारा असावा. चिकटवलेला फोम घामाने कुजतो आणि त्याचं निर्जंतुकीकरण धड होत नाही. दुखण्याइतका घट्ट बांधावा लागत असेल तर पट्टा अरुंद आहे, डोकं मोठं नाही.

लावायची रीत नवशिक्यांना जितकी किचकट वाटते तितकी नाही, पण क्रम चुकला की सगळंच चुकतं. पट्टा बांधल्यावर आरसा उजव्या डोळ्याला शक्य तितका जवळ आणावा. भोक डोळ्यापासून 2 सेंटिमीटरवर असेल तर त्यातून सुमारे 50 अंशांचा पट्टा दिसतो, 4 सेंटिमीटरवर तोच 27 अंश उरतो. चष्मेवाल्यांना हा फरक जाणवतो, पण जवळचा नंबर असेल तर चष्मा काढूही नये, कारण काम 30 सेंटिमीटरच्या आतबाहेर चालतं. मग डावा डोळा मिटावा, भोकातून रुग्णाच्या नाकाच्या शेंड्याकडे पाहावं आणि फक्त आरसा हलवत उजेडाचा ठिपका तिथे आणावा. ठिपका मधोमध आला की डावा डोळा उघडावा. त्यानंतर आरशाला हात लावायचा नाही. ठिपका हलवायचा तर स्वतःचं डोकं हलवावं, आणि बारीक फोकस पुढे-मागे होऊन साधावा. नवशिके नेमकं उलटं करतात: मान वाकडी करून आरशाखालून पाहतात. दिसतं तर आहे, असं वाटतं, पण ज्या रेषेत उजेड आहे त्या रेषेत नजर नसते, आणि खोल जागी गेल्यावर अंधार पडतो.

नाक आणि घसा या दोन ठिकाणी हेड मिरर आजही अव्वल आहे. नाकपुडी रुंद, घसा त्याहून रुंद, दोन्ही डोळे आत पोचतात, हात मोकळे. स्वरयंत्र पाहायला छोटा आरसा घशात घालायचा तेव्हा तो काचेच्या बाजूने कोमट करून आधी स्वतःच्या हाताच्या पाठीवर लावून बघावा. फोकस ओठांवर नव्हे, त्या छोट्या आरशाच्याही पलीकडे पडायला हवा, म्हणून नाक पाहताना असतो त्यापेक्षा रुग्णाच्या जरा जवळ जावं लागतं.

कानाचं मात्र तसं नाही, आणि इथे वस्तूची खरी मर्यादा दिसते. कानाची नळी साधारण 24 मिलिमीटर, वर स्पेक्युलमची लांबी. आत 5 मिलिमीटरचं तोंड धरलं तर पडद्यावरच्या एखाद्या बिंदूपासून बाहेर येणारी वाट सुमारे 8 अंशांची. दोन डोळे 25 सेंटिमीटरवरून एकाच बिंदूकडे पाहतात तेव्हा त्यांच्यात 14 अंशांचा कोन असतो. दोन्ही डोळे त्या वाटेत मावतच नाहीत. पडदा दिसतो तो एकट्या उजव्या डोळ्याला, आणि खोलीचा अंदाज जातो. पडदा पाहून निदान करायला हे पुरतं. हुक घेऊन पडद्याजवळचा घट्ट मळ काढायला पुरत नाही. मळ मऊ करणं, सिरिंज किंवा सरळ मायक्रोस्कोप, यांपैकी काहीतरी निवडावं. कानाच्या शस्त्रक्रियेत 1922 मध्ये होल्मग्रेन यांनी आणलेला दोन डोळ्यांचा मायक्रोस्कोप आणि झाइस कंपनीचा 1953 चा ओपीएमआय 1 मायक्रोस्कोप यांनी जागा घेतली ती याच कारणाने: उजेड आणि नजर एका रेषेत, शिवाय दोन्ही डोळे त्या अरुंद वाटेत.

तरी कानासाठी वापरायचाच तर जितका मोठा बसेल तितका मोठा स्पेक्युलम घ्यावा, पण तो नळीच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागापुरताच सरकवावा. आतले दोन तृतीयांश हाडाचे, त्वचा पातळ, जरा टेकलं की रुग्ण उडी मारतो. मोठ्या माणसाचा कान वर, मागे आणि बाहेर ओढावा, तान्ह्या बाळाचा खाली आणि मागे. पडद्याची हालचाल पाहायची असेल तर सीगलेचा हवाबंद स्पेक्युलम हेड मिररबरोबर सुरेख चालतो. श्टुटगार्टच्या एमिल सीगले यांचं ते उपकरण 1864 चं, म्हणजे आरशाच्याच पिढीतलं. हवा ढकलायचा त्याचा रबरी फुगा हलकेच दाबताना एक हात त्यात जातो, दुसरा कान ओढायला उरतो. ऑटोस्कोपवाल्याला इथे तिसरा हात लागतो.

एलईडी हेडलाइटशी तुलना करताना प्रामाणिक राहायला हवं. हेडलाइटला खोलीत दिवा लागत नाही, रुग्ण कुठेही असला तरी चालतो, पलंगावरचा रुग्ण किंवा रडणारं मूल असेल तर हेडलाइट कितीतरी सोपा. हेड मिररवाला तिथे दिवा सरकवत बसतो. पण हेडलाइटचा उजेड डोळ्यांच्या वरून येतो, त्यामुळे अरुंद आणि खोल जागी एका कडेला सावली राहते. दिवा जितका दोन डोळ्यांच्या मध्ये आणि खाली, तितकी सावली कमी. शिवाय बॅटरी संपते आणि वजन कपाळावर बसतं. हेड मिररला ना बॅटरी ना वायर, आणि नीट ठेवला तर वर्षानुवर्षं तोच चालतो. आमचा कौल: ओपीडीत एका जागी बसणाऱ्याने, नाक-घसा जास्त पाहणाऱ्याने आणि शिकणाऱ्याने हेड मिरर घ्यावा. फिरतीवर, वॉर्डात किंवा लहान मुलांत काम असेल तर हेडलाइट. फक्त कानाचंच काम असेल तर दोन्हींवरचे पैसे वाचवून मायक्रोस्कोपसाठी ठेवावेत.

देखभालीत दोनच नियम. आरसा पुसायचा तो मऊ सुती कापडाने, स्पिरिट कापडावर घेऊन, भोकाच्या कडेला न लावता. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, तर टाकूच नये, मुलामा उडतो. दुसरा नियम सुरक्षेचा आहे आणि तो चेष्टेवारी नेऊ नये: हा अंतर्गोल आरसा आहे. खिडकीजवळच्या टेबलावर उघडा ठेवला आणि त्यावर ऊन पडलं, तर फोकसच्या जागी असलेला खिडकीचा पडदा, कागद किंवा कापूस पेट घेऊ शकतो. काम झालं की आरसा कपाळावर उलटा करून पट्ट्याकडे वळवावा किंवा कापडी पिशवीत घालून खणात ठेवावा. सुटा सांधा आणि स्क्रू मिळेल का, हे आरसा घेतानाच विचारून ठेवावं. न मिळणाऱ्या बनावटीचा आरसा कितीही चकचकीत असला तरी घेऊ नये.